राजेंद्रनगरच्या परसातली देवीची साथ: गणपती ते दिवाळी

तलंगांच्या, म्हणजे तरुण कोंबड्यांच्या, वजनाची नोंद या वेळी बाजूला ठेवते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत माझ्या परसात कोंबड्यांची देवी होती, म्हणजे फाउल पॉक्स, आणि आता शेवटची खपली गळून पडल्यावर सगळं सलग लिहून काढते आहे. माझा कळप बहुतेकांना माहीत आहे: इंदूरच्या राजेंद्रनगरात जुन्या बैठ्या घरामागचा परस, तिथे 16 पक्षी. 9 कडकनाथ (काळ्या अंगाची जात), 5 नर्मदानिधी (कडकनाथच्या संकरातली जात), 2 गावठी. त्यांतल्या 6 तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस सगळ्यांना झालेली होती. देवीची कुणालाच नव्हती. परसातल्या छोट्या कळपांत ती फारशी दिली जात नाही, कारण कुपी शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने भरलेली येते.

गणपती बसले तेव्हा

पहिली दिसली जांभळी, माझी सर्वांत जुनी कडकनाथ. तुऱ्यावर राखेचे कण सांडावेत तसे पांढुरके दाणे. कडकनाथ पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: काळ्या तुऱ्यावर सुरुवातीचा पांढरा दाणा लाल तुऱ्यापेक्षा लवकर उठून दिसतो, पण पुढे त्याची गडद तपकिरी खपली झाली की ती त्याच काळ्या रंगात मिसळून जाते. त्यामुळे कडकनाथचा तुरा बोटाने चाचपून पाहायचा. खडबडीत लागला की समजायचं.

भांडणातल्या टोचींशी याची गल्लत होते. टोचीची जखम एकटी असते, तिथे रक्त सुकलेलं असतं आणि दोन-चार दिवसांत ती बसते. देवीचा दाणा वाढत जातो, शेजारी दुसरा येतो आणि चोचीच्या कोपऱ्यात, पापण्यांच्या कडेला, चोचीखालच्या लोंबत्या मांसावर, जिथे जिथे पीस नाही तिथे पसरतो. त्या रात्री सगळे दांडीवर बसल्यावर टॉर्च लावून एकेकाचं डोकं पाहिलं. जांभळी, गावठींपैकी शेवंता आणि नर्मदानिधी कोंबडा असे तिघे निघाले. दिवसा पळापळीत हे दिसलं नसतं. रात्री कोंबडी शांत असते, हातात घेता येते.

दुसऱ्या दिवशी फोटो आणि शेवंताला घेऊन महूला गेले. राजेंद्रनगरहून राऊ ओलांडलं की महू तसं जवळच, आणि तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासूनचं आहे, आपल्या भागातल्या पक्षी पाळणाऱ्यांचा मोठाच आधार. डॉक्टरांनी तिची चोच उघडून घसा पाहिला, पापण्या उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, देवीच आहे. विषाणू मारणारं औषध नाही. आता डास आवरा आणि डोळे सांभाळा." पुढचे सगळे आठवडे मी ह्या दोन कामांतच होते.

विषाणू अंगात शिरल्यापासून दाणा दिसेपर्यंत साधारण 4 ते 10 दिवस जातात. त्वचेची देवी एका पक्ष्यात 3-4 आठवड्यांत संपते, पण कळपात ती एकातून दुसऱ्यात सावकाश सरकते, म्हणून साथ लांबते. डास रक्त पिताना विषाणू घेतो आणि पुढे कित्येक दिवस इतर पक्ष्यांना टोचत राहतो. शिवाय खपलीचा चुरा टोचीच्या किंवा खरचटल्याच्या जागी लागला तरी पुरतो.

बर्ड फ्लूची भीती

हे थोडक्यात. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अगं, मुलं इथे खेळतात, काही होणार तर नाही ना?" त्यांची भीती समजण्यासारखी आहे. 2020 च्या डिसेंबरअखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते, भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच5एन8 विषाणू निघाला होता, आणि इंदूरकर ते विसरलेले नाहीत. मी त्यांना खुराडं दाखवलं. बर्ड फ्लूत धडधाकट पक्षी अचानक आणि एकामागोमाग एक मरतात. तसं दिसलं तर पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. कोंबड्यांची देवी माणसाला होत नाही. मुलांना येणाऱ्या कांजिण्यांशीही तिचा संबंध नाही, तो विषाणू निराळ्या कुळातला. काकूंनी जाताना कडुलिंबाचा डहाळा दिला, खुराड्यावर बांधायला. मी बांधला. कुणाची काळजी परत करायची नसते.

साथ चालू असताना लस

कळपातले थोडेच पक्षी आजारी असतील तर उरलेल्यांना लगेच लस देता येते आणि द्यावी. साथ सावकाश सरकते म्हणून मधे शिरायला वेळ मिळतो. मानमोडीसारख्या झपाट्याच्या रोगात एवढी उसंत नसते. डॉक्टरांशी बोलून 13 निरोगी पक्ष्यांना टोचायचं ठरलं.

कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणायची. आत सुकवलेल्या जिवंत, सौम्य विषाणूची वडी असते. ती सोबतच्या द्रावणात विरघळवली की 2 तासांच्या आत वापरून टाकायची, उद्यासाठी ठेवायची नाही. सुई दोन टोकांची असते, टोकांना खाच असते आणि त्या खाचेत अडकेल तेवढाच थेंब ही एका पक्ष्याची मात्रा. पंख पसरायचा, पंखाच्या पुढच्या कडेला पातळ त्वचेचा पडदा असतो तिथली पिसं बाजूला सारायची, शीर चुकवायची आणि खालच्या बाजूने सुई आरपार काढायची. यजमानांनी पक्षी धरले, मी टोचलं. लसीचा हात पक्ष्याच्या डोक्याला लागू द्यायचा नाही. तो जिवंत विषाणूच आहे, डोळ्याला लागला तर तिथेच दाणा उठेल. उरलेली लस आणि कुपी उकळून मगच टाकायची.

आठवड्याभराने पंख पुन्हा उघडून पाहायचे. टोचल्या जागी छोटी गाठ किंवा खपली दिसली म्हणजे लस लागली. साधारण 7 ते 10 दिवसांनी ती दिसते. ज्याच्या पंखावर काहीच नाही त्याला पुन्हा टोचावं लागतं. माझ्या सगळ्यांच्या पंखांवर गाठ आली. त्यांतल्या दोन तलंगांच्या तुऱ्यावरही पुढे दाणे उठले, कारण लस देण्याआधीच विषाणू त्यांच्यात शिरलेला होता. दोघींचं दुखणं हलक्यावर गेलं.

अनंत चतुर्दशी आणि पितृपक्ष

सगळं शहर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला राजवाड्याकडे निघालं होतं त्या रात्री जांभळीचे दोन्ही डोळे मिटले. पापण्यांवरच्या खपल्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या. मला या नोंदीत सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते इथे. त्वचेच्या देवीत कोंबडी सहसा विषाणूने मरत नाही. डोळे मिटले की तिला दाणा दिसत नाही, पाणी दिसत नाही, बाकीच्या तिला टोचून दूर करतात आणि ती कोपऱ्यात बसून उपाशी मरते. बाहेरून बघणारा म्हणतो, देवीने गेली. तिला कुणी भरवलं असतं तर ती आठवड्या-दोन आठवड्यांत डोळे उघडून परत उकरायला लागली असती. म्हणून "आंधळी झाली, कापून टाका" हा सल्ला मला अजिबात मान्य नाही.

आजारी पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात, मच्छरदाणीत आणि अंधुक प्रकाशात ठेवले. सकाळ-संध्याकाळ डोळे धुवायचे: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला 9 ग्रॅम मीठ, स्वच्छ कापसाने पापणीवर कोमट शेक, आणि आपोआप सुटेल तेवढंच सोडवायचं. खपली ओढायची नाही. खाली कच्चं मांस असतं, रक्त येतं, तिथे जंतू शिरतात आणि विषाणू बोटांवरून इकडेतिकडे जातो. तुऱ्यावरच्या खपल्यांना पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावलं, डोळ्यांपासून दूर ठेवून. डोळ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं मलम. पाण्यातून सरसकट अँटिबायोटिक द्यायला डॉक्टर नको म्हणाले आणि मला ते पटलं: विषाणूवर ते चालत नाही, जखमेत जंतू झाले तरच त्याचा उपयोग. औषध चालू असलेल्या कोंबडीचं अंडं डॉक्टर सांगतील तितके दिवस खायचं नाही.

भरवण्याची रीत अशी बसली. मक्याचा भरडा कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचा, त्यात किसलेलं गाजर आणि शेवग्याचा पाला बारीक चिरून, कारण डोळे आणि त्वचा भरून यायला अ जीवनसत्त्व लागतं. कोंबडीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि मऊ गोळी चोचीच्या कडेला लावायची. एकदा चव कळली की ती स्वतः चोच उघडते. पाणी चोचीत ओतायचं नाही. जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी तिथे गेलं की संपलं. चोचीच्या बाजूला थेंब लावायचा, तो ती आपणच आत ओढते. खाल्लंय की नाही ते गळ्याखालची पोटली चाचपून कळतं. जांभळीला आमच्या पायांचा आवाज ओळखीचा झाला आणि ती मान वर करून वाट बघू लागली. भांडं कायम एकाच कोपऱ्यात ठेवलं तर आंधळी कोंबडीही ते शोधून खाते, पण रोज जागा बदलली की हरवते.

शेवंता गेली. तिची देवी घशात उतरली होती. ही दुसरी, ओली जात: तोंडात आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी पिवळट, चिकट थर धरतो, खरवडायला गेलं तर रक्त येतं आणि ठेवला तर श्वास अडतो. डॉक्टरांनी सैल झालेला भाग चिमट्याने काढून पाहिला. ती पहाटे गेली. परसाच्या टोकाला खोल खड्डा करून, चुना टाकून पुरली. असा पक्षी कचरागाडीत टाकू नये, उघड्यावर तर नाहीच.

डास

राजेंद्रनगरात घराघरात कूलर, आणि उन्हाळा संपला की त्यांच्या टाक्यांत पावसाचं पाणी तसंच राहतं. उबेत डासाची अंडी ते पंख हा प्रवास साधारण 7 ते 10 दिवसांचा, म्हणून साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा सांडलं तर साखळी तुटते. आमचा कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या, गच्चीवरचं जुनं टायर, पाण्याच्या टाकीचं फुटकं झाकण सगळं पाहिलं. काकूंचा कूलर त्यांच्या परवानगीने आम्हीच उलटा केला. कोंबड्यांच्या पाण्याची भांडी रोज घासून बदलायची. खुराड्याला डासांची बारीक जाळी, तिन्हीसांजेच्या आधी सगळे आत आणि एक छोटा पंखा चालू, कारण वाऱ्यात डास टिकत नाही.

धुराबद्दल माझं मत ठाम आहे. बंद खुराड्यात कडुलिंबाचा धूर किंवा डासांची कॉइल लावू नये. कोंबडीच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि तिला धूर आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. घसा सुजलेल्या पक्ष्याला तर तो मारेल. धूर करायचा तर परसात, लांब, वारा खुराड्याकडे नसताना.

नवरात्र ते दिवाळी

घटस्थापनेच्या सुमाराला जांभळीचा डावा डोळा उघडला, मग दोन दिवसांनी उजवा. खपल्या सुकून गळू लागल्या आणि खरी सफाई इथून सुरू झाली, कारण सुक्या खपलीत विषाणू महिनोन् महिने टिकतो. तुसाची गादी पूर्ण काढून जाळली, जमीन खरवडून चुना मारला, दांड्या आणि पिंजरा धुऊन उन्हात ठेवले, भांडी उकळली. उष्णतेपुढे हा विषाणू टिकत नाही, 60 अंशाला 8 मिनिटांत निष्क्रिय होतो, तेव्हा उकळत्या पाण्यावर विश्वास ठेवावा.

अंडी मधे जवळजवळ थांबली होती, कोजागिरीनंतर सावकाश परत आली. नर्मदानिधी कोंबड्याच्या तुऱ्याचं टोक कायमचं झडलं, बाकी तो ठणठणीत. बऱ्या झालेल्या पक्ष्यांना ही देवी सहसा पुन्हा होत नाही. नवे पक्षी मात्र मी या परसात लसीशिवाय आणणार नाही.

आता पुढचं. गावठी कोंबडी खुडूक बसली आहे, तिच्याखाली कडकनाथची अंडी ठेवली आहेत, कारण कडकनाथ स्वतः नीट बसत नाहीत. देवीची लस पिलांना 6 ते 8 आठवड्यांची झाली की द्यायची आहे. राऊ, महू, सुदामानगरकडची ज्यांची पिलं त्याच सुमाराची असतील त्यांनी कळवा, एक कुपी वाटून घेऊ. पक्षी एका जागी आणायचे नाहीत. वडी महूच्या टोकाला विरघळवून तिथून इंदूरकडे येऊ, म्हणजे 2 तासांत सगळ्यांचं आटपेल. सुई प्रत्येक घराची वेगळी, चपला ज्याच्या त्याच्या. पिलांचा आकडा आधी सांगा, म्हणजे तेवढ्या सुया मागवून ठेवते.