तुम्ही विचारलंत म्हणून: ११ ते ६

“फोनची धास्ती वाटते म्हणतेस, आणि रात्री फोनवरच रांगोळी काढत बसतेस?” बहिणीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय.

धास्ती फोनची नव्हती, त्याच्या थरथरण्याची होती. बाबा आयसीयूत होते ते १२ दिवस मी फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली घेऊन झोपायचे. बाबा बरे होऊन घरी आले, तरी कुठे काही घरघरलं की माझ्या पोटात गोळा. शेजारचा मिक्सर लागला तरी. डॉक्टरांकडे गेले, गोळ्या सुरू झाल्या. त्या आजही चालू आहेत. रांगोळीने सुटल्या असं समजू नका.

भाच्याने ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान लिहून दिलं. पडद्यावर ११ ते ६चे ठिपके, म्हणजे मधल्या ओळीत ११ आणि वर-खाली दोन्हीकडे एकेक कमी होत ६ पर्यंत, एकूण ९१. रेघ ओढत बोट ठिपक्यावर पोचलं की फोन १५ मिलिसेकंदांपुरती टिचकी मारतो. आधी माझ्या जुन्या फोनवर पाहिलं, तर नुसती घरघर! त्यात एका बाजूला जड असलेलं चाक फिरतं. त्याला वेग घ्यायला नि थांबायला वेळ लागतो, तोवर बोट पुढच्या ठिपक्यावर. नव्या फोनमध्ये स्प्रिंगवरचं वजन मागेपुढे हलतं, म्हणून टिचकी नेमकी बसते.

मनगटावर टकटक करून संथ श्वास घ्यायला लावणारं घड्याळही वापरून पाहिलं. ही सोय २०१६ पासून आहे. कुणाला लाभतही असेल. मला ते छडी घेतलेल्या मास्तरांसारखं वाटलं. रांगोळीत मी बोट नेलं तरच टिचकी येते. थरथर फोनचीच, पण कधी थरथरायचं ते मी ठरवते.

आई हसते. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद तिने अजून जपून ठेवलाय. चिमटीतून सुटणाऱ्या रांगोळीची सर या टिचकीला नाही, हे मलाही मान्य. पण रात्री अडीचला जिन्यासमोर गेरू सारवायला बसले, तर वॉचमन काय म्हणेल?

लिंक हवी असेल तर पाठवते. आयफोनवर मात्र त्या पानाचे नुसते ठिपके दिसतात, टिचकी येत नाही. आयफोनवाल्यांनी आईचा कागद न्यावा, आणि आठवणीने परत आणून द्यावा.