पी०२०३ आला म्हणून लगेच इंजेक्टर बदलायचा?

भर पावसात मुलुंड चेकनाक्याला गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०२०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचं) सर्किट.

डोकं फिरलं ते सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. थेट एस्टिमेट हातात ठेवलं : नवा इंजेक्टर, "आणि त्याने नाही गेलं तर ईसीएम बदलावा लागेल," म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. पार्ट येईपर्यंत गाडी तिथेच उभी. इंजेक्टर गेलाय हे कशावरून, असं विचारलं तर म्हणे, "स्कॅनर दाखवतोय ना!" स्कॅनर असं काही दाखवतच नाही. पेट्रोल उडतंय की नाही हे ईसीएमला दिसत नाही. इग्निशन चालू असेपर्यंत इंजेक्टरच्या कॉइलला रिलेतून १२ व्होल्ट मिळत राहतात. ईसीएम फक्त दुसरी वायर काही मिलिसेकंद अर्थ करतो, म्हणजे निगेटिव्हला जोडतो, आणि सोडतो. सोडल्यावर त्या पिनवर कॉइलमधून आलेलं बॅटरीचं व्होल्टेज हवं, अर्थ केल्यावर ते शून्याजवळ यायला हवं. तसं झालं नाही की कोड पडतो. दोष कॉइलमध्ये असेल, कपलरमध्ये (वायर जोडायच्या प्लगमध्ये), वायरमध्ये किंवा ईसीएमच्या आतल्या, ती वायर अर्थ करणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये. नोझल नुसतं कचऱ्याने तुंबलं असतं तर मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा पी०३०३ आला असता, पी०२०३ नाही. हे सगळं मी तिथे सांगितलं. उत्तर एकच : "साहेब, आधी पार्ट बदलून बघू." माझ्या पैशाने बघू! मी सही केली नाही, गाडी बाहेर काढली.

भांडुपच्या वायरमनने मल्टिमीटर काढला. तिसऱ्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स १४ ओहम, बाकी तिघांचाही तेवढाच, म्हणजे कॉइल शाबूत. कपलरवर सप्लाय व्यवस्थित. मग बॅटरी सोडून, ईसीएमचा कपलर काढून त्याने दुसरी वायर तपासली, तर कंटिन्युइटी नाही, म्हणजे वायर मध्येच कुठेतरी तुटलेली. टेप सोलत गेल्यावर वायरवर सुईएवढं भोक सापडलं. कधीतरी कोणीतरी टेस्ट लॅम्पची पिन खुपसलेली. तिथून पाणी शिरून आतलं तांबं हिरवं पडलं होतं, बोटाने दाबताच भुगा झाला. नवा तुकडा सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. इंजिन असं एकसारखं फिरू लागलं की बरं वाटलं! खर्च एस्टिमेटच्या मानाने किरकोळ.

म्हणून वायरला पिन टोचू देऊ नका, कपलरच्या मागून तपासायला सांगा. बॅटरी सोडण्याआधी कोडचा फोटो काढून ठेवा, कधीकधी तो पुसला जातो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाऊ शकतो. हे साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीचं झालं. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरला बरंच जास्त व्होल्टेज जातं, तिथे स्वतः हात घालू नका.

आणि कोणी इंजेक्टर बदला म्हणालं, तर रेझिस्टन्स किती आला ते आधी जॉबकार्डवर लिहून मागा.