कंबरेची गोळी

भोगीचा दिवस, म्हणजे आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सकाळपासून सात नंदीध्वजांमागं निघालेली. पूर्व भागातल्या माझ्या दवाखान्यात जेमतेम चार पेशंट होते. अकराच्या सुमाराला सुनेचा आधार घेत, एकेक पाऊल जपून टाकत अक्का आल्या. वय अठ्ठावन्न, तीस वर्षं विड्या वळतात.

"अ‍ॅसिडिटी लई वाढलीय मॅडम. एक इंजेक्शन द्या, जाईल."

टेबलावर झोपवलं, तर गुडघे पोटाशी घेऊन तशाच पडून राहिल्या. मला तिथंच धास्ती वाटली. मुतखड्याची कळ आलेला माणूस तळमळतो, सारखी कूस बदलतो. पोटातल्या आवरणाला सूज आली की माणूस हलायलाच घाबरतो. अक्कांचं पोट श्वासाबरोबरही हलत नव्हतं. हात ठेवला, तर पाटासारखं कडक.

"कधीपासून?"

"पहाटे चहा घेतला आणि सुरी खुपसल्यागत झालं. आता खांदा पण दुखायलाय."

या वयात पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं हृदयाचंही असू शकतं, म्हणून ईसीजी काढला. तो ठीक होता.

"गोळ्या काय चालू आहेत?"

"कायच नाही."

"कंबरेची घेता की," सून म्हणाली आणि तिनं पर्समधून पाकीट काढलं. दहातल्या सात गोळ्या संपलेल्या. दोन वर्षं, रोज दोन, चिठ्ठीशिवाय, बहुतेक वेळा उपाशीपोटी चहाबरोबर. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून हजार विड्या होईपर्यंत बसायचं, तर गोळीशिवाय कंबर साथ देत नाही. अक्कांच्या लेखी ते औषध नव्हतंच. कात्री आणि दोऱ्यासारखं कामाचंच सामान होतं ते.

अशी गोळी शरीरातली जी द्रव्यं अडवून दुखणं थांबवते, तीच द्रव्यं जठराचं अस्तर आम्लापासून राखत असतात. अस्तर उघडं पडतं, व्रण होतो आणि एखाद्या दिवशी आरपार भोक पडतं.

सुनेनं थंड दूध आणलं होतं. घोटभरही देऊ दिलं नाही. सलाइन लावलं, सिव्हिलला फोन केला. मिरवणुकीमुळं मोठे रस्ते बंद, रिक्षा गल्लीबोळांतून काढली. उभं करून काढलेल्या एक्स-रेत उजव्या बाजूला, छातीच्या पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर दिसली, म्हणजे जठरातली हवा भोकातून बाहेर आली होती. दुपारीच ऑपरेशन झालं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, त्यावर पोटातल्याच चरबीच्या पदराचं ठिगळ लावलं.

तीन महिन्यांपूर्वी अक्का जळजळीसाठी माझ्याकडंच आल्या होत्या. तेव्हाही मी हाच प्रश्न विचारला होता, त्यांनी हेच उत्तर दिलं होतं आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. हे मला अजून सलतं. आता मी "कंबरेला, गुडघ्याला काय घेता? मेडिकलमधून काय आणता?" असं विचारते आणि पाकीट बघायला मागते.

महिन्याभरानं अक्का आल्या. उरलेल्या तीन गोळ्या त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या.

"कंबरेचं काय करू मग?"

पॅरासिटामॉल लिहून दिली, दर तासाला सूप खाली ठेवून जरा चालायला सांगितलं.

"तासा-तासाला उठले तर हजार कशा होतील, मॅडम?"