सर्वांगासन पाच मिनिटांवर : चौथ्या वर्षाची नोंद आणि शिकवणाऱ्याच्या नजरेविषयी थोडे

मागच्या नोंदीत सर्वांगासन चाळीस सेकंदांपुढे सरकत नसल्याचे लिहिले होते. त्याला आता सहा महिने झाले. सर्वांगासन पाच मिनिटे टिकते, उत्तानासनात, म्हणजे उभे राहून पुढे वाकताना, दोन्ही हातांची बोटे जमिनीला टेकतात, आणि उजव्या मांडीच्या मागे, बैठकीच्या हाडापाशी असलेले जुने दुखणे मार्चपासून एकदाही जाणवलेले नाही. प्रगतीचा हिशेब एवढाच आहे. मात्र या सहा महिन्यांत जे जमले ते माझ्या चिकाटीपेक्षा शिकवणाऱ्यामुळे जमले, असे मला मनापासून वाटते. योगशिक्षक कसा निवडावा हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो आणि त्याचे उत्तर बहुधा प्रमाणपत्राकडे किंवा शिक्षक स्वतः किती अवघड आसने करून दाखवतो याकडे पाहून दिले जाते, म्हणून या वेळची नोंद त्याच विषयाला देत आहे.

आधी दुखण्याची हकीकत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ज्या वर्गात गेलो तेथे चाळीसेक माणसे असत. तेथील शिक्षकांचे स्वतःचे आसन अतिशय देखणे होते. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, त्यांचे कपाळ सहज नडगीला टेकत असे. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या मागे आले, "अजून जाईल, सोडा" असे म्हणाले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी माझी पाठ खाली दाबली. मांडीच्या मागे, अगदी वर, बारीक कळ आली. त्या दिवशी मी काही बोललो नाही. पुढे आठ महिने खुर्चीवर अर्ध्या तासापेक्षा अधिक बसणे नकोसे होत होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि ते आळशीही नव्हते; परंतु माझी कंबर मागे कलंडलेली होती, पाठीला पोक आला होता आणि खुब्यातून एक अंशही वाकणे होत नव्हते, हे त्यांनी पाहिले नाही. अशा स्थितीत पाठीवर दिलेला सगळा दाब मांडीमागचे स्नायू हाडाला जेथे जोडलेले असतात तेथे जातो. डोळ्यांनी न पाहता हाताने केलेली दुरुस्ती म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो.

सध्याच्या ताईंकडे जाऊ लागल्याला आता अडीच वर्षे झाली. त्या अय्यंगार पद्धतीने, म्हणजे बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवलेल्या, साधनांचा आधार घेऊन आसन नेमके करण्याच्या पद्धतीने शिकवतात. वर्गात बारा माणसे असतात. तेरावा आला तर त्याला पुढची तुकडी सांगितली जाते. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही आसन करायला सांगितले नाही. दुखण्याविषयी विचारले, मग सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावले आणि भिंतीपाशी नुसते उभे केले. दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या, "उजव्या पायावर तुम्ही टाचेच्या बाहेरच्या कडेवर उभे राहता. चपला बघा, तिथेच झिजली असेल." घरी येऊन पाहिले तर चप्पल बरोबर तेथेच झिजलेली होती.

त्यानंतरचे सहा आठवडे त्यांनी मला पुढे वाकू दिले नाही. दोन घोंगड्यांची घडी करून तिच्यावर बसवले, तळपायांभोवती पट्टा घालून त्याची टोके हातात दिली आणि दंडासनात, पाय समोर लांब आणि पाठ सरळ ठेवून, बसायला सांगितले. बाकीचे लोक पुढे वाकत असताना आपण नुसते बसून राहायचे, हे मला फार जड गेले. पातंजल योगसूत्रातील "प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्" हे सूत्र मी पूर्वी वाचले होते. प्रयत्न सैल करणे हादेखील आसनाचा भाग आहे हे मात्र त्या सहा आठवड्यांत अंगाला कळले. सातव्या आठवड्यात त्यांनी माझ्या पोटाच्या खालच्या भागाकडे बोट दाखवले आणि "हा भाग मांडीकडे न्या, डोक्याचा विचार करू नका" एवढेच सांगितले. पहिल्यांदाच खुब्यातून वाकणे काय असते ते समजले. माझ्या पाठीला त्यांनी हात लावलाच नाही.

घोंगड्या, विटा, पट्टे, खुर्च्या आणि भिंतीचे दोर या साधनांविषयी आपल्याकडे अजूनही काही जण "हे म्हाताऱ्यांसाठी" असे म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय अशा आजारांतून गेलेले होते. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर शिकवण्यासाठी ते पुण्यात आले आणि पुढे आयुष्यभर पुण्यातच राहून शिकवत राहिले. पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ उभारलेली त्यांची संस्था तेथे १९७५ साली सुरू झाली. न वाकणारे, दुखणारे, घाबरलेले शरीर आतून कसे असते हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते, अशा शिक्षकाने ही साधने घडवली. वीट हाताखाली ठेवली की जमीन चार-सहा इंच वर येते आणि साधकाला आपले आसन मोडून जमिनीपर्यंत जावे लागत नाही. कोणाच्या हाताखाली वीट द्यायची, कोणाला नाही आणि दिलेली वीट कोणत्या महिन्यात काढून घ्यायची, हे ठरवण्यात शिक्षकाची परीक्षा असते. माझी त्रिकोणासनातील वीट ताईंनी जूनमध्ये काढली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा दिली, कारण मी छाती जमिनीकडे वळवू लागलो होतो.

आता सर्वांगासन. हे आसन शिकणाऱ्यांसाठी थोडे विस्ताराने लिहितो. मी पूर्वी सपाट सतरंजीवर सर्वांगासन करीत असे. त्यात हनुवटी छातीत रुतायची, घसा आवळायचा आणि खाली उतरल्यावर मान जड वाटायची. ताईंनी चार घोंगड्यांच्या नीट चौकोनी घड्या एकावर एक रचल्या, घडीची गोल कड खांद्यांच्या बाजूला येईल याची काळजी घेतली, खांदे त्या कडेपासून दोन बोटे आत ठेवायला लावले आणि डोके खाली जमिनीवर ठेवले. कोपर बाहेर पसरू नयेत म्हणून दंडांभोवती, कोपरांच्या थोडे वर, पट्टा बांधला. आसनात गेल्यावर त्यांनी मानेच्या तळाशी जो मणका हाताला लागतो त्याच्याखाली दोन बोटे सरकवून पाहिली. बोटे मोकळी फिरली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता राहा." जोवर बोटे अडत होती तोवर, म्हणजे पहिले सात-आठ वर्ग, त्यांनी मला वर राहू दिले नाही, खुर्चीवर पाय ठेवून अर्धेच आसन करून घेतले. त्या दोन बोटांच्या जागेसाठी चार घोंगड्यांची उंची लागते, खांदे मागे वळावे लागतात आणि खांदे मागे वळण्यासाठी त्याआधी पंधरा मिनिटे छाती उघडणारी आसने करावी लागतात. वर्गातील आसनांचा क्रम तसा का असतो, हे मला त्या मोकळ्या बोटांवरून उमगले. चाळीस सेकंदांवरून पाच मिनिटांवर येणे हा त्यानंतरचा सोपा भाग होता: दर आठवड्याला साधारण पंधरा सेकंद वाढवायची, आणि घसा आवळला की घड्याळ न पाहता उतरायचे.

शब्दांविषयीही लिहिले पाहिजे. ताई एका वेळी एकच गोष्ट सांगतात आणि ती झालेली दिसेपर्यंत दुसरी सांगत नाहीत. "गुडघ्याची वाटी वर ओढा", "टाच जमिनीत दाबा", "बगलेची कातडी मागे न्या" अशी त्यांची वाक्ये असतात. "ऊर्जा वाहू द्या" यासारखे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही. ते वाक्य चूक आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु नवख्या माणसाला त्यावरून काय करावे हे कळत नाही, आणि वाटीचे मात्र कळते. कधीकधी पूर्ण मिनिटभर त्या काहीच बोलत नाहीत, बारा जणांमधून सावकाश फिरतात आणि त्या शांततेत प्रत्येक जण आपोआप आपले आसन तपासू लागतो.

ऑगस्टमधील एक प्रसंग नोंदवून ठेवतो. साठीचे एक गृहस्थ नव्याने आले होते. वर्ग सुरू होण्याआधी ताई नेहमी विचारतात, "आज कुणाला काही त्रास, काही वेगळं?" त्या दिवशी ते गृहस्थ गप्प राहिले. उत्तानासनात वीसेक सेकंद झाल्यावर ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाहून त्यांच्याकडे चालत गेल्या, खुर्ची ओढून त्यांचे कपाळ खुर्चीच्या बैठकीवरच्या उशीवर टेकवले आणि हळू आवाजात काहीतरी विचारले. वर्ग संपल्यावर त्या गृहस्थांनी स्वतःच आम्हाला सांगितले की ते रक्तदाबाची गोळी घेतात आणि वर्गासमोर सांगण्याचा त्यांना संकोच वाटला. ताईंना ते कसे समजले, असे मी विचारले. चेहरा इतरांपेक्षा लवकर लाल झाला आणि डोळ्यांत ताण दिसला, असे त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून सगळे शीर्षासन करीत असताना त्यांना भिंतीपाशी वेगळे आसन मिळते. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेच्या मणक्यांचे विकार असलेल्यांना उलटी आसने सरसकट देऊ नयेत, हे कोणत्याही पुस्तकात सापडते; परंतु न सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून ते ओळखणे पुस्तकात सापडत नाही.

दाव्यांबाबतही त्या फार जपून बोलतात. या आसनाने मधुमेह जाईल, त्या आसनाने थायरॉईड बरा होईल अशी वाक्ये आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. एकाने तसे विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, "गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. पाठ सरळ होईल, झोप सुधारेल, एवढं मी बघितलंय." या सावधपणाची आपल्याकडे जुनी आणि अभिमान वाटावा अशी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले, ते योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम मोजून पाहण्यासाठी. उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणे) आणि नौली (पोटाचे स्नायू फिरवणे) करताना पोटातील दाब खरोखर किती बदलतो हे त्यांनी उपकरणे लावून तपासले. गुरूंवर संपूर्ण श्रद्धा असलेल्या माणसाने हे केले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

प्राणायामाची प्रगती मात्र सांगण्यासारखी नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. अडीच वर्षांनंतरही मी झोपून, पाठीखाली लांब घडी घेऊन, उज्जायीच, म्हणजे घशातून हलका आवाज करीत घेतलेला संथ श्वासच, करतो. कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, अद्याप दिलेला नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू वश करावा, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असे म्हटलेले आहे. दोनशे तासांचा निवासी शिक्षक-अभ्यासक्रम महिन्याभरात पूर्ण करून आलेला माझा एक परिचित पहिल्याच आठवड्यात लोकांना श्वास रोखायला लावू लागला, तेव्हा मला त्या श्लोकाची आठवण झाली. तो मुलगा प्रामाणिक आहे आणि पुढे चांगला शिक्षक होईलही. पण त्याने अजून काही वर्षे कोणाच्या तरी नजरेखाली अभ्यास करायला हवा. ताई आजही महिन्यातून दोनदा आपल्या गुरूंच्या वर्गात मागच्या ओळीत उभ्या राहतात.

जुलैपासून मी घरी माझ्या थोरल्या बहिणीला उभी आसने दाखवू लागलो आहे, ताईंच्या परवानगीने आणि फक्त चारच. पहिल्या दिवशी वीरभद्रासनात मी तिला सलग पाच सूचना दिल्या आणि ती गोंधळून सरळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी एकच सूचना ठरवून गेलो: पुढचा गुडघा टाचेच्या रेषेत. ती सूचना देऊन मी गप्प राहिलो, आणि तेव्हा मला प्रथमच दिसले की तिचा गुडघा आत पडतो आहे, कारण पायाचा अंगठा घट्ट आवळलेला आहे. हे मी आदल्या दिवशीही पाहू शकलो असतो. बोलत असल्यामुळे पाहिले नव्हते. ताईंना सांगितले तेव्हा त्यांनी अंगठ्याखाली पातळ पुठ्ठा ठेवून पाहायला सांगितले. पुठ्ठा ठेवल्यावर गुडघा सरळ आला.

सप्टेंबरअखेरची स्थिती अशी: सर्वांगासन पाच मिनिटे, चार घोंगड्यांवर; हलासन पाय खुर्चीवर ठेवून तीन मिनिटे; शीर्षासन भिंतीपाशी, दीड मिनिट. गेल्या मंगळवारी सर्दी झालेली असताना मी वर्गात गेलो आणि नेहमीप्रमाणे घोंगड्या रचायला घेतल्या. ताईंनी येऊन त्यातल्या तीन उचलून परत रॅकवर ठेवल्या, माकडहाडाच्या वर टेकेल अशी एक वीट माझ्या हातात दिली आणि या आठवड्यात फक्त सेतुबंध सर्वांगासन, म्हणजे पाठीवर पडून त्या विटेवर कंबर टेकवण्याचे आसन, करायला सांगितले. पुढची नोंद दिवाळीनंतर लिहीन.