घारापुरीला गेलात तर तोफांपर्यंत चढाच

बहुतेक लोक घारापुरीला जातात, एक नंबरचं लेणं बघतात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परत बोटीत. आमचंही आधी तसंच व्हायचं. यावेळी मात्र ठरवूनच निघालो की वरच्या डोंगरावर जायचं म्हणजे जायचं, म्हणून गेटवेवरून सकाळचीच लाँच पकडली. तासाभराचा प्रवास आहे. थंडीत गेलात तर सीगल असतातच, एक तर पंख न हलवता अगदी माझ्या हाताजवळून लाँचच्या स्पीडने तरंगत होता, लाल चोच, डोळ्यामागे काळा ठिपका, सगळं स्पष्ट दिसत होतं. पब्लिक त्यांना वेफर्स खिलवते ते मला झेपत नाही, पण सांगणार कोणाला.

जेट्टीवरून टॉय ट्रेन आहे पण चालत जा. ओहोटी होती, त्यामुळे तिवरांच्या मुळांशी सगळा चिखल उघडा पडलेला आणि त्यात निवट्या (चिखलातले छोटे मासे) टुणटुण उड्या मारत होत्या. मग त्या पायऱ्या, शंभराच्या वर आहेत, दोन्ही बाजूंनी दुकानं आणि डोक्यावर निळी ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही पण वाराही लागत नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे.

लेण्याबद्दल काय बोलायचं, सहाव्या शतकातलं काम, 1987 पासून जागतिक वारसा यादीत. फक्त एक करा, त्रिमूर्तीसमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा. डावीकडचा चेहरा मिशीवाला, रागीट, हातात नाग. उजवीकडचा एकदम नाजूक, हातात कमळाची कळी. आणि मधला डोळे मिटून शांत, जणू बाजूच्या दोघांचं काहीच देणंघेणं नाही. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे ऊन सरकतं तसे चेहरेही बदलत जातात, हे ग्रुपबरोबर घाईत फिरलात तर कळणारच नाही. खालच्या बाजूच्या मूर्तींची मात्र पार वाट लागलीय, पोर्तुगीजांनी नेमबाजी केली म्हणतात. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे, येताजाता बघून घ्या.

आता डोंगर. लेण्यांकडून वर वाट जाते, आरामात गेलं तरी अर्ध्या तासात पोचतो, पण दुपारी सावली तशी कमीच आणि माकडं जाम डेंजर. आमच्यासमोर एकाने बाटली पळवली, झाकण फिरवून उघडली आणि निम्मं पाणी अंगावर सांडत प्यायला लागला, आणि ज्याची बाटली तो बिचारा व्हिडिओ काढत उभा. खाण्याचं काही हातात ठेवू नका, सॅकच्या आत टाका.

वर इंग्रजांच्या काळातल्या दोन भल्यामोठ्या तोफा आहेत. तोफेपेक्षा भारी आहे तो व्ह्यू. एका बाजूला न्हावा-शेवाच्या क्रेन आणि कंटेनरचे ढीग, दुसरीकडे बुचर आयलंडला लागलेले तेलाचे टँकर, आणि लांबवर अटल सेतूची रेघ. ज्याला निसर्गरम्य वगैरे हवं त्याचा मूड जाईल, मला उलट तेच आवडलं, पायाखाली दीड हजार वर्षांपूर्वीची लेणी आणि समोर सगळं बंदर चालू.

उतरताना एका मावशींच्या टपरीवर गार कोकम सरबत प्यायलो. बेटावर समुद्राखालून केबल टाकून लाईट आली ती 2018 मध्ये, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. मावशी म्हणाल्या, "आधी बर्फ पण मुंबईवरून आणायला लागायचा, आता फ्रीज हाय." आम्ही अजून एकेक ग्लास मागवणार तर त्याच ओरडल्या, "अवो ताई, लाँच सुटल, पळा आता!" रात्री पर्यटकांना बेटावर राहू देत नाहीत, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. आणि सोमवारी लेणी बंद असतात.