हॅलचं गाणं आणि ते ऐकणारा डेव्ह

हॅल, म्हणजे अंतराळयान सांभाळणारा बोलका कॉम्प्युटर, मरतो तो सीन पाठ झालाय, तरी काल रात्री परत लावला. स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी', १९६८चा पिक्चर, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्याही आधीचा. एआयवर हल्ली रोज कुठे ना कुठे चर्चा चालू असते, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, मशीनला खरंच काही वाटतं का. मला मात्र हे पिक्चर बघताना सारखं त्या मशीनच्या समोरच्या माणसाकडेच बघावंसं वाटतं.

यानावरच्या फ्रँक पूल ह्या अंतराळवीराच्या वाढदिवसाचा सीन आठवा. यान गुरू ग्रहाकडे चाललंय, फ्रँक गॉगल लावून दिव्याखाली पडलाय, स्क्रीनवर त्याचे आईवडील केक समोर ठेवून त्याच्यासाठी गाणं म्हणतायत, पृथ्वीवरून, इतक्या लांबून, आणि ह्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. संपल्यावर हॅल त्याला शुभेच्छा देतो तर हा थँक्यू म्हणून लगेच सांगतो की पलंग अजून जरा सपाट कर. आईवडिलांबद्दल एक शब्द नाही! तो काही वाईट माणूस नाहीये, दुष्ट तर अजिबातच नाही, पण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये, आणि मला त्या सीनची हॅलच्या कॅमेऱ्याच्या लाल डोळ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

मग तो शेवटचा भाग. हॅलने फ्रँकला मारलंय, यानावर झोपवून ठेवलेल्या तिघा सहकाऱ्यांना मारलंय, आणि फ्रँकचा साथीदार अंतराळवीर डेव्ह हॅलच्या मेंदूच्या खोलीत शिरून एकेक मेमरी बाहेर काढतोय. सगळीकडे लाल उजेड, आणि हॅलच्या बोलण्याखेरीज ऐकू येतो तो फक्त डेव्हचा श्वास. हॅल विनवण्या करतो, भीती वाटतेय म्हणतो, माझं मन चाललंय, मला ते जाणवतंय म्हणतो. आणि मग एकदम मागे जातो, पार पहिल्या दिवसापर्यंत, १२ जानेवारी १९९२, इलिनॉयमधलं अर्बाना, तिथे लँगली नावाच्या गुरुजींनी मला एक गाणं शिकवलं होतं, ऐकायचंय का म्हणून विचारतो. आणि डेव्ह, ज्याच्या मित्राला ह्या मशीनने मारलंय, तो म्हणतो, हो, म्हण.

मी इथे दरवेळी पिक्चर थांबवतो. त्याला हो म्हणायची काहीच गरज नव्हती, गप्प राहून काम उरकलं असतं तरी चाललं असतं, हॅल काही आता वाचणार नव्हता आणि डेव्ह काम थांबवतही नाही, हात चालूच आहेत त्याचे, पण जाणाऱ्याला तो गाऊ देतो आणि ऐकतो. 'डेझी बेल' हे ते गाणं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज ह्या संशोधन संस्थेत आयबीएम ७०४ कॉम्प्युटरकडून खरोखर हेच गाणं म्हणवून घेतलं होतं आणि पुढे पिक्चरचे सहलेखक आर्थर क्लार्कनी तो प्रयोग तिथे जाऊन ऐकला होता, म्हणून ते पिक्चरमध्ये आलं. हॅलचा आवाज जड होत जातो, ताल सुटतो, आणि संपतं.

मला हा सीन इतका लागतो त्याला कारण आजी आहे. शेवटच्या वर्षी तिची सगळी नावं गेली होती, मला ती तिच्या भावाच्या नावाने हाक मारायची, पण 'ऐलमा पैलमा गणेश देवा' पहिल्यापासून म्हणायची, लहानपणच्या भोंडल्यातलं. आत्या तिचे केस विंचरत असायची आणि मधे अडलं की विचारायची, "पुढे काय गं आई?" आत्याला अख्खं गाणं येत होतं, दरवर्षी म्हटलेलं होतं तिने, तरी विचारायची, आणि आजी आठवून आठवून पुढची ओळ सांगायची.

'ब्लेड रनर' मध्ये पण मला हेच दिसतं. १९८२चा पिक्चर, गोष्ट नोव्हेंबर २०१९ मधली, म्हणजे ती तारीख आपण सगळ्यांनी ओलांडलीय. तिथे कोण माणूस आणि कोण रेप्लिकंट, म्हणजे हुबेहूब माणसासारखा बनवलेला कृत्रिम जीव, ते ठरवायला एक टेस्ट असते, प्रश्न विचारायचे आणि डोळ्याची बाहुली बघायची. वाळवंटात कासव उलटं पडलंय, पोट उन्हात भाजतंय, तू त्याला सरळ करत नाहीयेस, का? असं लिऑन नावाच्या रेप्लिकंटला विचारतात, आणि विचारणारा स्वतः इतका कोरडा की त्याला त्या कासवाचं काही पडलेलं नाही. शेवटी रॉय नावाचा रेप्लिकंट, चारच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला, रेप्लिकंटना मारायचं काम असलेल्या, गच्चीवरून लटकणाऱ्या डेकार्डला मनगट धरून वर ओढतो आणि पावसात बसून आपण काय काय पाहिलं ते सांगतो. ते भाषण रॉयचं काम करणाऱ्या रुटगर हाउअरने आदल्या रात्री स्वतः कापून छोटं केलं होतं, ती पावसातल्या अश्रूंची ओळही त्याचीच. लोक त्या भाषणावर फिदा आहेत, मीही आहे, पण डेकार्डकडे बघा ना, रॉयला मारायला आलेला माणूस, पळत नाही, बंदूक शोधत नाही, गप्प बसून शेवटपर्यंत ऐकतो. डेव्हसारखंच.

आणि आत्ताचं बघा. फोनमधल्या बॉटशी आपण रात्री दोन वाजता बोलतो, तो थकत नाही, मधे तोडत नाही, आपलंच ऐकत राहतो. त्याने कोणाला आधार मिळत असेल तर मिळू दे, एकटेपण काय असतं ते मला माहितीये, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याचं कधी काही ऐकून घ्यावं लागत नाही, त्याचं कोणी गेलेलं नसतं, त्याला तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायची नसते. म्हणजे आपलं नुसतं सांगणं वाढत चाललंय, आणि आत्या करायची ते, येत असलेलं गाणं परत विचारून ऐकणं, ते कुठे करणार आपण? मला मशीन माणसासारखी होतील ह्याची काळजी वाटत नाही, आपण घराघरात फ्रँक पूल होऊ ह्याची वाटते, मनापासून वाटते.

पुढच्या आठवड्यात भाचा राहायला येतोय, बारावी संपली त्याची, त्याला 'ब्लेड रनर' दाखवणार आहे. आधी काहीच सांगणार नाही. त्या गच्चीवर तो कोणाकडे बघतो ते मला बघायचंय, आणि मग तो जे काय बोलेल ते.