काटा दाखवतो तो वेग आणि खरा वेग : घरी बांधलेल्या विमानाच्या स्टॉल-चाचणीचा माझा अनुभव

विमानाचा वेग कमी करत नेला की उंची टिकवण्यासाठी नाक वर घ्यावे लागते, आणि पंख व समोरून येणारी हवा यांमधला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखाची उचल ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. तो कोणत्या वेगाला होतो हे कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या विमानाच्या पुस्तिकेत छापलेले असते. बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या लहानशा वर्कशॉपमध्ये आम्ही जोडलेल्या दोन आसनी विमानासाठी मात्र तो आकडा आम्हालाच काढायचा होता. परवानग्यांची कथा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून ती येथे सांगत नाही.

पुष्कळ जण विमान उंचावर नेतात, स्टॉल करतात, त्या क्षणी डायलवर दिसलेला आकडा वहीत टिपतात आणि त्याला १.३ ने गुणून उतरण्याचा वेग ठरवतात. माझ्या मते ही पद्धत धोकादायक आहे, कारण वेगमापक सर्वांत जास्त चुकतो तो नेमका स्टॉलच्या आसपास. म्हणून आधी वेगमापक तपासायचा आणि मगच स्टॉलकडे वळायचे, असा क्रम आम्ही ठरवला.

वेगमापक प्रत्यक्षात वेग मोजत नाही. समोर तोंड करून बसवलेल्या पिटो नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि स्टॅटिक छिद्रातून येणारा स्थिर हवेचा दाब यांमधला फरक तो मोजतो. हा फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत १०० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) तो सुमारे १६५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, तर ५० नॉटला केवळ ४१ मिलिमीटर. त्यामुळे तपासणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. प्लायवुडच्या फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बसवलेली पारदर्शक नळी, तिच्यात खाण्याचा रंग घातलेले पाणी, शेजारी स्टीलची पट्टी आणि दाब देण्यासाठी एक इंजेक्शनची सिरिंज, एवढ्यावर आमचे काम भागले. ४१ मिलिमीटरला काटा ५० ऐवजी ५१ वर थांबला. वरच्या वेगांना फरक त्याहून कमी होता. त्यानंतर दाब १०० नॉटपर्यंत चढवून नळी चिमटीत धरली, तेव्हा काटा हळूहळू खाली सरकू लागला. डॅशबोर्डमागच्या एका टी-जोडातून हवा गळत होती. तो जोड बदलल्यावर काटा जागचा हलला नाही.

हे झाले यंत्राचे. विमानावर छिद्र जिथे असते तिथल्या दाबावर आजूबाजूच्या वाहत्या हवेचा परिणाम होतो, आणि त्यातून येणारी चूक जमिनीवर कळत नाही; त्यासाठी उड्डाणच करावे लागते. बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. पश्चिमेला जांबोटी-चोर्ला बाजूच्या डोंगरांवर हवा उसळते, आणि पूर्वेला बैलहोंगलकडची काळी रानं उन्हाने तापली की तिकडेही विमान वरखाली होऊ लागते. म्हणून आम्ही हिवाळ्यातील सकाळची पहिली वेळ मागून घेतली. चालवायला आमचे वैमानिक स्नेही होते आणि मी उजव्या आसनावर वही घेऊन बसलो होतो.

जीपीएस जमिनीवरील वेग दाखवतो, त्यात वारा मिसळलेला असतो. तो वेगळा काढण्याची रीत मला फार आवडली. उंची आणि काट्यावरचा वेग कायम ठेवून तीन वेगवेगळ्या दिशांना उडायचे आणि प्रत्येक वेळी जीपीएसवरील वेग व दिशा टिपायची. आलेख-कागदावर एकाच बिंदूपासून हे तीन बाण काढले की त्यांची टोके एका वर्तुळावर पडतात. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे विमानाचा हवेतील खरा वेग, आणि मूळ बिंदूपासून वर्तुळमध्यापर्यंतचे अंतर म्हणजे वारा. तीन बिंदूंवरून वर्तुळाचा मध्य काढणे हे वर्कशॉपमधील माणसाला रोजचे काम आहे, त्यामुळे गणकयंत्राआधी माझा हात कंपासकडे गेला. चौथी दिशा पडताळ्यासाठी. तिचे टोक वर्तुळाबाहेर पडले तर मधल्या काळात वारा बदलला असे समजून ती फेरी रद्द करायची.

काटा ७० वर धरून केलेल्या एका फेरीत पूर्वेकडे ६८ आणि पश्चिमेकडे ८६ नॉट मिळाले. वर्तुळाची त्रिज्या ७७ आली. उंचीमापक १०१३ मिलिबारवर लावून ५,००० फूट आणि बाहेरचे तापमान २० अंश, म्हणजे हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या सुमारे ८२ टक्के घन होती. विरळ हवेत काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो, म्हणून ७७ ला या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.९०४ ने, गुणायचे. असा येणारा आकडा म्हणजे दुरुस्त वेग, निर्दोष काट्याने दाखवायला हवा तो; येथे तो ७० च्या अगदी जवळ येतो. वेगमापक तिथे बरोबर होता. काटा ६० वर असताना मात्र दुरुस्त वेग ६१ निघाला आणि ५० वर असताना ५३. शेवटच्या नोंदीत यंत्राची स्वतःची एका नॉटची चूक धरली, तर छिद्रांच्या जागेमुळे येणारी चूक चार नॉट होते, आणि दाबात मोजली तर ती जेमतेम सात मिलिमीटर पाण्याइतकी! कमी वेगाला मुळातला दाबच इतका तोकडा असतो की एवढ्यानेही काटा भरकटतो.

याखाली ही रीत चालत नाही, कारण स्टॉलच्या वेळी वेग आणि उंची दोन्ही सतत घटत असतात. आलेखाची रेघ पुढे वाढवून अंदाज करता येतो, पण अंदाजावर मला समाधान नव्हते. म्हणून पंखाच्या पुढे, पंखाच्या रुंदीइतक्या अंतरावर, एक दांडा बांधला आणि त्याच्या टोकाला हवेच्या दिशेने आपोआप वळणारी पिटो-स्टॅटिक नळी बसवली. नळी लेथवर सहज झाली. त्रास दिला तो रबरी जोडनळीने. तिच्या ताठपणामुळे शेपटी लावूनही नळी वाकडी राहत असे. पातळ सिलिकॉनची नळी सैल वळसा देऊन जोडल्यावर ती फुंकरीनेसुद्धा वळू लागली. तिच्यासाठी वेगळा वेगमापक लावला आणि त्याचीही वरच्याच दोन्ही रीतींनी तपासणी केली.

स्टॉलच्या उड्डाणांत मी जमिनीवर थांबलो. आत वैमानिक एकटे आणि दोन्ही डायलांवर रोखलेला कॅमेरा. वजनाचा मध्य पुढच्या मर्यादेजवळ असताना स्टॉलचा वेग सर्वांत जास्त येतो, म्हणून फौंड्रीतील वाळूच्या पिशव्या पेटीत बोल्टने आवळून त्याप्रमाणे भार बसवला. जमिनीपासून ३,५०० फुटांवर, इंजिन आयडलवर ठेवून, वेग दर सेकंदाला एक नॉट याच गतीने उतरवायचा, त्याहून घाई नाही. घाईने नाक ओढले की आकडा फसवा आणि कमी येतो. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) उतरवलेल्या अवस्थेत विमानाच्या मूळ काट्याने ३८ दाखवले, तेव्हा दांड्यावरील नळीचा दुरुस्त वेग ४४ होता.

ही चाचणी ५४० किलो वजनावर झाली. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ६०० किलोच्या पूर्ण वजनाला तो ४६.४ नॉट होतो. त्याच्या १.३ पट म्हणजे ६०, आणि आमच्या काट्यावर ते ५९ दिसतात. डायलवरील ३८ ला थेट १.३ ने गुणले असते तर ४९ आले असते. काटा ४९ वर असताना दोघे जण आणि पुरेसे इंधन घेऊन धावपट्टीकडे वळणारे विमान दुरुस्त वेगाच्या हिशेबाने ५२ च्या आसपास, म्हणजे स्टॉलपासून सहाच नॉट दूर असते, आणि वाऱ्याचा एखादा झोत तेवढे अंतर सहज खाऊन टाकतो.

आता डायलच्या काचेजवळ दुरुस्तीचा छोटा तक्ता चिकटवला आहे, आणि डायलवरील पांढऱ्या कमानीचे (फ्लॅप उतरवून उडण्याच्या वेगांची पट्टी) खालचे टोक आमच्याच काट्याच्या भाषेत, पूर्ण वजनासाठी, रंगवले आहे. फ्लॅप न उतरवताचे आकडेही त्याच पद्धतीने घेऊन हिरव्या कमानीचे (नेहमीच्या उड्डाणाच्या वेगांची पट्टी) खालचे टोक ठरवले. वजनाचा मध्य मागे असतानाच्या नोंदी अजून बाकी आहेत. त्यात स्टॉलच्या वेगापेक्षा स्टॉलनंतर विमान कसे वागते हे पाहणे महत्त्वाचे असल्याने त्या आम्ही वेगळ्या ठेवल्या आहेत. पुढे कधी पिटो नळी वाकली किंवा स्टॅटिक छिद्राभोवती नवा रंग दिला, तर जीपीएसच्या फेऱ्या पुन्हा कराव्यात, अशी नोंद विमानाच्या लॉगबुकात लाल शाईने केली आहे.